फुफ्फुसाचं वय

भक्तीचं काम तसं साधं होतं. कुडाळ आणि मालवण तालुक्यांत फुफ्फुसं आक्रसत जाण्याचा आजार झालेली एकवीस माणसं होती आणि मुंबईच्या एका इस्पितळाचं त्यांच्यावर संशोधन चाललं होतं. प्रत्येकाने रोज सकाळी सात वाजता, मुठीत मावेल अशा यंत्रात होता नव्हता तेवढा दम लावून फुंकायचं. यंत्र त्यावरून फुफ्फुसाचं वय काढायचं आणि तो आकडा भक्तीच्या मोबाइलवर यायचा. कुणाचा आला नाही, की स्कूटी काढून ती चौकशीला जायची.

देवबागचे भिकाजी कधी चुकले नाहीत. वय बहात्तर. तरुणपणी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलेलं, मग पंचवीस वर्षं मुंबईच्या गोदीत. फुफ्फुसाचं वय मात्र पंच्याण्णवच्या पुढे गेलेलं. त्यांची बायको सुगंधा त्या यंत्राला ‘फुंकणी’ म्हणायची. नवऱ्याच्या पाठीला हात लावून ती बाजूला बसायची, आणि ते फुंकत तेव्हा तिचेही गाल नकळत फुगायचे.

सप्टेंबरात भिकाजींना ताप भरला. आठ दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. नवव्या दिवशी ते गेले. भक्तीने यंत्र परत आणलं, बॅटरी काढली आणि कुडाळच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भिकाजींच्या नावावर आकडा आला.

बहात्तर.

दुसऱ्या कुणाचा आकडा चुकून त्यांच्या नावावर पडला असेल, असं भक्तीला वाटलं. पण बाकीच्यांचे आकडे जिथल्या तिथे होते. तिने कपाट उघडून पाहिलं. यंत्र होतं तसंच पडलेलं, बॅटरी शेजारी. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर आला. मग सत्तर. तिने मुंबईला नम्रता मॅडमना कळवलं. संशोधन त्यांच्या हाताखाली चालायचं. त्या म्हणाल्या, यंत्रणेतला दोष आहे, नवी यादी होईल तेव्हा ते नाव निघेल, तोवर लक्ष देऊ नकोस.

भक्तीने लक्ष दिलं. रोज एक वर्ष कमी होत होतं.

सुगंधाला हे सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण एका कागदावर सही घ्यायला देवबागला गेली आणि बोलता बोलता तोंडातून निसटलं. सुगंधा घरापुढच्या खळ्यात सुके बांगडे पालथे घालत होती. तिचा हात थांबला. घाबरली नाही. आज किती आला, एवढंच तिने विचारलं.

“अठ्ठावन्न,” भक्ती म्हणाली.

“गोदी सुटली ता वर्स,” सुगंधा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. “ट्रंक घेवन हयच उभे रवले. म्हणाले, आता खंय जावचंय नाय.”

तेव्हापासून भक्ती रोज फोनवर आकडा सांगायची आणि सुगंधा त्या वर्षाची गोष्ट सांगायची. सत्तेचाळीसला घरावर कौलं चढली. एकोणचाळीसला गणपतीत पहिल्यांदाच रजा मिळाली नाही, तर पत्रातून दूर्वा पाठवल्या होत्या. एकतीसला होडी उलटली आणि भिकाजींनी दोघांना पोहत काठाला आणलं. त्या दिवसांत त्यांचा दम असा होता, की खाडीत बुडी मारून कालवं काढायला गेले की काठावरच्या बायकांना धाकधूक व्हायची. सांगताना सुगंधाचा आवाज दिवसेंदिवस हलका होत गेला. भक्तीलाही त्या फोनची सवय लागली. तिचे स्वतःचे वडील ती लहान असताना गेले होते. त्यांच्याबद्दल इतकं कुणी तिला सांगितलं नव्हतं.

सव्वीस आला त्या दिवशी सुगंधाने गोष्ट सांगितली नाही. भक्तीला घरी बोलावून घेतलं.

“फाल्यां पंचवीस येतला,” ती म्हणाली. “त्या वर्सा आमचा लगीन झाला.”

“मगे?”

“परवा चोवीस. परवापासून ते माका वळखूचे नाय गो.”

तिला फुंकणी हवी होती.

संशोधनात नसलेल्या माणसाला यंत्र द्यायचं नाही, हा पहिला नियम होता. कळलं असतं तर नोकरी गेली असती. भक्ती कुडाळला परतली, जरा वेळ टेबलाशी नुसती बसून राहिली, मग कपाट उघडलं. दिवेलागणीला ती पुन्हा देवबागला होती. तिने बॅटरी घातली आणि यंत्र सुगंधाच्या हातात ठेवलं. सुगंधाने ते पदराने पुसलं.

सकाळी सात वाजता आकडा आला. पंचवीस.

अर्ध्या मिनिटाने त्याच नावावर दुसरा आला. एकोणीस.

सुगंधा सहासष्ट वर्षांची होती.

भक्तीने फोन लावला. कुणी उचलला नाही. दिवसभर उचलला नाही. दुसऱ्या सकाळी ती सातच्या आधीच मोबाइल घेऊन बसली.

पंचवीस.

एकोणीस.

चोवीस आला नव्हता. भक्तीला हायसं वाटलं. तिने पुन्हा फोन लावला, आणि या वेळी तो लगेच उचलला गेला.

“सुगंधाकाकी आसंत?”

“मीच सुगंधा,” आवाज कोवळा होता, थोडा बुजलेला. “तुमी कोण?”

भक्तीने नाव सांगितलं. कुडाळची भक्ती, फुंकणीवाली.



“रागावू नका हां,” ती मुलगी हळूच म्हणाली. “माका ह्या घरात येवन दोनच दिस झाले. मी अजून कोणाक वळखणंय नाय.”

आणि तिच्या मागे, खळ्यातून असावी, कुणीतरी एका दमात लांबच लांब शीळ घातली.