सोमवारची नखं

सोमवारी सकाळी प्रार्थना झाली की ओफोरी मास्तर मुलांची नखं तपासत. मुलं हात पुढे करून रांगेत उभी राहत आणि मास्तर फुटपट्टीच्या टोकानं एकेक बोट उचलून बघत. मळ दिसला तरी ते मारत नसत. एवढंच म्हणत, "जा, कापून ये. तुझी जागा कुठं पळत नाही." कोकोच्या शेंगा फोडणाऱ्या हातांची नखं स्वच्छ राहणं अवघडच. त्यामुळे दर सोमवारी दोन-चार जण तरी घराकडे पळत आणि धापा टाकत परत येत.

परत न आलेला एकच. अडाये. वर्गातला सगळ्यात मोठा, शेवटच्या बाकावरचा, ओठावर मिसरूड फुटलेला. घराकडे जाताना त्याला चौकात फौजेत भरती करणारी गाडी दिसली आणि तो तिच्यात चढला.

ब्रह्मदेशातली लढाई संपली आणि वर्षभरानं त्याच्याच तुकडीतला डोन्कोर गावी परतला. त्यानं अडायेच्या आईच्या हातात तंबाखूचा डबा ठेवला. आत केसांची एक बट आणि कापलेली दहा नखं. परमुलखात मेलेल्याचा देह येत नाही. त्याचे केस नि नखं येतात, ती आपल्या मातीत पुरली की माणूस घरी पोचला. लांबचे नातेवाईक यायचे म्हणून अडायेच्या मामानं तिथून तिसरा शनिवार ठरवला.

पण आई, मान्सा, तो डबा घेऊन शाळेत आली.

"मास्तर, माझा भाऊ म्हणतो पुरून टाक. पण ही दुसऱ्याच कुणाच्या पोराची असली, आणि उद्या माझा दारात उभा राहिला तर? त्याला काय सांगू, तुला पुरलंय म्हणून? तुम्ही त्याची नखं आठ वर्षं बघितलीत. तुम्हीच सांगा."

मास्तरांनी कागदावर नखं मांडली. शेंग फोडताना कोयता लागून अडायेच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं, आणि पुढे ते तसंच वाढत राहिलं. चिरलेलं नख तिथं होतं. कडेला काळा चिखल वाळलेला.

"त्याचंच आहे, मान्साबाई."

तिनं मान हलवली, पण डबा उचलला नाही. "शनिवारपर्यंत राहू द्या इथंच. घरात ठेवून मला अन्न जाणार नाही."

मास्तरांनी तो कपाटात ठेवला. कुलुपाचं कपाट गावात तेवढं एकच, आणि त्याची किल्ली मास्तरांच्या गळ्यात.

पुढच्या सोमवारी खडू काढताना त्यांनी सहज डबा उघडला. नखं वीस होती. अंगठ्याची चिरलेली नखं दोन. नव्या नखांवर पांढरे कण होते. मास्तरांनी एक जिभेला लावून पाहिला. मीठ.

मास्तर घाबरले नाहीत. मोजण्यात चूक झाली असेल, असं धरून त्यांनी पुन्हा मोजलं. मग डब्याला दोरा बांधला, गाठीवर मेण ओतलं आणि मेणावर आपला अंगठा उमटवला. पोरांना ते नेहमी सांगत, आधी नीट बघा, मग आश्चर्य करा.

त्याच्या पुढच्या सोमवारी मेण जसंच्या तसं होतं. आत नखं तीस. नव्या दहांत लाल माती होती, गावाच्या रस्त्यावर उडते तशी.

मास्तरांनी मान्साबाईला वाढलेल्या नखांचं सांगितलं आणि ते तिला घेऊन डोन्कोरकडे गेले. तो अंगणात केळी सोलत होता.

"डोन्कोर, नखं कापलीस तेव्हा काय काय झालं, सगळं सांग."

डोन्कोरनं सुरी खाली ठेवली.

"मेल्यावर कापायची असतात, ठाऊक आहे मला. पण शत्रू नदी ओलांडत होता, मास्तर. थांबायला सवड नव्हती. तो जखमी पडला होता, जिवंत असतानाच कापली मी आणि निघालो."

"त्याला कळलं?"

"कळलं ना. हसला. म्हणाला, नीट काप लेका, मास्तर तपासतील."

मास्तरांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"मग तो निघालाय," मान्सा म्हणाली. "जिवंत माणसाची नखं पुढं आली, आणि तो मागनं चालत येतोय."

अडायेचा मामा त्यांच्या मागोमाग येऊन ओट्यावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "कोण येतंय, ते आधी विचार, बाई."

"माझं पोर येतंय. दुसरं कोण येणार?" ती पदरानं हात पुसत उठली. "पाय दुखले असतील त्याचे. शनिवारी पुरू या. नखं इथल्या मातीत गेली म्हणजे त्याला पोचल्याचं कळेल."

शनिवारी ढोल वाजले. शोकाची काळी-लाल वस्त्रं नेसलेली माणसं आली, पूर्वजांसाठी मातीवर ताडी ओतली गेली. सगळी नखं आणि केसांची बट मान्सानं स्वतःच्या हातानं खड्ड्यात ठेवली. रडली नाही. मास्तरांनी माती लोटली आणि रिकामा डबा तिच्या हवाली केला.

सोमवारी प्रार्थना झाली. मास्तरांनी फुटपट्टी घ्यायला टेबलाकडे हात नेला.

फुटपट्टीशेजारी दहा नखं ओळीनं मांडलेली होती.

त्यांनी एकेक नख टोकानं उचलून पाहिलं. चिखल नाही. मीठ नाही. माती नाही. धुऊन लख्ख केलेली. चिरलेलं सगळ्यात शेवटी.

मुलं हात पुढे करून उभी होती. नखं स्वच्छ असली की म्हणायचे ते नेहमीचे शब्द मास्तरांच्या तोंडून गेले.

"छान. जा, जागेवर बस."

रांगेतल्या कुणाचीच तपासणी अजून झाली नव्हती, म्हणून जागचं कुणीच हललं नाही.

तपासणी संपल्यावर मुलं बाकांवर बसली. शेवटच्या बाकावरचे तिघे, कुणीही न सांगता, एका कडेला सरकून बसले.