येडशीच्या गिरणीचा भोंगा

कापसाची सरकी काढणारी येडशीची गिरणी दोन महिने बंद होती. दाराला कुलूप, धुरांड्यातून धुराची रेघ नाही. तरीही दिवेलागणीला पुन्हा तिचा भोंगा वाजला. एक लांब, मग दोन तुटक.

पोलीस अमीन जैनोद्दीन यांच्या हातातला चहा तसाच राहिला. निजामाच्या पोलिसात त्यांचे केस पिकले, पण भुताची फिर्याद अजून कुणी आणली नव्हती. ती आज मथुराबाई घेऊन आली.

तिचा नवरा बब्रुवान गिरणीच्या भट्टीवर होता. तो वाफेनं भाजून गेला, तेव्हापासून कुणी गिरणीत पाऊल टाकेना.

"ह्ये माझं धनीच हायत, अमीनसाब," ती म्हणाली. "सुट्टीला असाच वाजवायचे. म्हंजे म्या तवा चुलीवर ठेवायचा. अजून ठेवते. पर आता सोसवत न्हाय. उद्या बाजारात शेअर विकते अन् म्हायेरी जाते."

"कसले शेअर?"

"गिरणीतला वाटा. पगारातनं पाच घेतले. नफा झाला की त्यातला हिस्सा घरी यायचा, त्याला डिव्हिडंड म्हणायचे. मथुरा, गिरणीच्या पाच इटा आपल्या, म्हणायचे."

"भाव काय?"

"घेतला तवा शंभर. आता ईरण्णा दलाल धा देतो म्हणतो."

"मला भेटल्याशिवाय विकू नका."

सकाळी थंडी मी म्हणत होती. गिरणीच्या दारात कंपनीचे कारभारी शरणबसप्पा यांनी कमरेची किल्ली काढली.

"दुसरी किल्ली कुणाकडं?"

"एकच आहे, माझ्याकडं. दोन महिन्यांत कुलूप काढलं नाही. गिरणी मेली, अमीनसाब. माझेही शेअर पाण्यात गेले."

आत पाऊल टाकताच पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. भोंग्याच्या साखळीजवळ खुंटीला बब्रुवानचं पागोटं तसंच होतं. फुटक्या खिडकीतून शिरलेली एक मांजरी भट्टीच्या माथ्यावर पिलांना कुशीत घेऊन खुशाल झोपली होती. अमीनसाबांनी यंत्रावरून बोट फिरवलं, रुमालाला पुसलं आणि बाहेर पडले.

बाजारात त्यांनी ईरण्णाला गाठलं.

"मेलेल्या गिरणीचे शेअर कुणासाठी घेतोस?"

"दलालानं गिऱ्हाइकाचं नाव फोडायचं नसतं, साब. मला फकस्त दलाली."

"म्हणजे घेणारा दुसराच आहे."

ईरण्णानं जीभ चावली. अमीनसाबांनी शरणबसप्पांना आणि मथुराबाईला तिथंच बोलावून घेतलं. बघ्यांची गर्दी जमलीच.

"सगळे भ्याले आणि विकायला निघाले, म्हणून भाव पडला," अमीनसाब म्हणाले. "अशा वेळी विकत घेणारा एक तर खुळा, नाही तर गिरणी जिवंत आहे हे जाणणारा. यंत्रांना ताजं वंगण होतं. कधीच चालायची नाही त्या गिरणीला वंगण कशाला, शरणबसप्पा?"

"गंजू नये म्हणून... गडी घालत असतील."

"कुलूप न काढता? आणि ह्या कडाक्यात कुठली मांजरी थंड लोखंडावर पिलं घेऊन निजते? भट्टीला ऊब होती. किल्ली एकट्या तुमच्याकडं, म्हणजे भोंग्याला वाफ हवी म्हणून काल तुम्हीच ती पेटवलीत. लोणारी कोळशाला धूर येत नाही. भाव पाडायला तुम्ही मेलेल्या माणसाला कामाला लावलंत. स्वस्तात शेअर गोळा करायचे, मग गिरणी सुरू करायची. विलायतेतल्या लढाईपायी कापसाला मागणी आहे, तेजीत भाव शंभराच्याही वर जाईल."

"पुरावा?"

"साब, ह्यांच्यासाठीच घेतले!" ईरण्णा ओरडला. "भुताच्या पापात मला नका वढू."

शरणबसप्पांनी मान खाली घातली. शिपायानं त्यांच्या कमरेची किल्ली काढून घेतली.

मथुराबाईचे पाच शेअर वाचले. पण ती मटकन खाली बसली.

"म्हंजे... ते आलेच न्हवते?"

"नाही, बाई." हे दोन शब्द उच्चारणं अमीनसाबांना फार जड गेलं.

ती पोटभर रडली. मग पदरानं डोळे पुसून उठली.

"गिरणी चालू व्हईल?"

"होईल."

"मंग पाच इटांची म्या मालकीण हाय न्हवं?"

"आहातच."

"तर समद्यास्नी सांगून ठेवा. भोंगा खुशाल वाजवा. पर एक लांब अन् दोन तुटक, तसा कुणी वाजवायचा न्हाय. त्यो माझ्या तव्याचा हाय."