बाबांचा डावा पाय

खोटं सांगायचं असतं तर मी यात काळोखी रात्र घातली असती. पण हे घडलं भर दुपारी, पुनर्वसन केंद्राच्या व्यायामाच्या हॉलमध्ये, आजूबाजूला माणसं असताना. मी स्वतः बाबांच्या कमरेचा पट्टा धरून उभी होते.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. स्ट्रोक आला आणि डावी बाजू गेली. हात थोडाफार परत आला. पाय नाही.

मग रोज तेच. लिफ्ट बंद, म्हणून दोघांना हाका मारून व्हीलचेअर वर चढवा. बाकावर ताटकळत बसा. नंबर लागेपर्यंत बाबा दमून गेलेले.

"काका, जरा मनावर घ्या ना," फिजिओ म्हणायची. मुलगी वाईट नव्हती, पण एका वेळी चार-चार पेशंट सांभाळायची.

"मनावर घेतलंय गं बाई. पायावर कसं घेऊ, तेवढं सांग."

संध्याकाळी दादाचा फोन. "अजून काहीच फरक नाही? तुम्ही नीट करताय ना सगळं?"

डोकं सणकायचं माझं. फोनवरून चालवायला काय जातंय!

त्या दुपारी वीज गेली. पंखे थांबले. फिजिओ दुसऱ्या पेशंटकडे वळली. बाबा दोन दांड्यांच्या मध्ये घामाघूम होऊन उभे होते. मी वैतागून म्हटलं, "बाबा, टाका ना तो पाय एकदाचा!"

आणि...

पाय उचलला गेला.

घासत नाही. नीट उचलून, टाच आधी टेकवून.

मग पुन्हा.

मी किंचाळलेच. फिजिओ धावत आली. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

बाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"मी नाही टाकला," ते हळूच म्हणाले.

"अहो काका, तुम्हीच टाकलात!"

"मी सांगतोय ना, मी नाही!"

कोण ऐकतंय? डॉक्टर म्हणाले, स्ट्रोकनंतर काहींना आपलाच अवयव परका वाटतो. "चालताहेत ना? मग झालं तर."

मीही तेच धरून बसले. चालत होते ना!

पण मग ऐकू यायला लागलं.

बाबा चालायचे. पावलांचा आवाज यायचा. बाबा थांबायचे, आणि...

टप.

एक पाऊल जास्तीचं.

"हॉल मोठा आहे ना ताई, आवाज घुमतो," फिजिओ म्हणाली.

केंद्रात जाणं संपलं, चालणं आता घरीच. आमचं घर म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. इथे कसला आवाज घुमतोय? तरी ते पाऊल होतंच.

काठीशिवाय चालणारे बाबा बघायला शेजारीपाजारी येऊन गेले. दादा आला, व्हिडिओ काढून गेला.

आणि एके दिवशी बाबा पलंगावर बसले ते बसलेच.

"आता नाही चालायचं मला."

माझा तोल सुटला. "माझ्या रजा संपल्या, कंबर कामातून गेली, आणि आता तुम्ही बसून राहणार?"

"तू मला चालवायला केलंस ना सगळं?" बाबा म्हणाले. "मग ऐक. हे चालणं माझं नाही."

आम्ही दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही.

तिसऱ्या दुपारी मी आतल्या खोलीचं दार लोटून त्यांच्या पायाला तेल लावायला बसले. डावा पाय मांडीवर घेतला, आणि हात तिथेच थांबला.

पाय लुळा पडला होता. गार. ओंडक्यासारखा जड. ते वजन माझ्या ओळखीचं होतं... स्ट्रोकनंतर पहिल्यांदा उचललं होतं, तेच.

मी तळव्यावर नख दाबलं. काही नाही.

आणि बाहेरच्या खोलीतून...

टप.

टप.

एकाच पायाचा आवाज. टाच आधी.

घरात आम्ही दोघंच. बाहेरच्या दाराला आतून कडी. तो आवाज टेबलाला वळसा घालून खिडकीपर्यंत गेला. परत फिरला. आणि आमच्या लोटलेल्या दारापाशी येऊन थांबला.

मी बाबांचा पाय दोन्ही हातांनी कवटाळून धरला.

"दार उघड," बाबा म्हणाले.

"नाही."

"अगं, उघड. बाथरूमला जायचंय मला. त्याच्याशिवाय कसा जाऊ?"

मला रडू आलं. भीतीचं नाही, संतापाचं. इतक्या महिन्यांचा संताप, आणि काढायचा कोणावर?

मी उठले. दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. खिडकीचा पडदासुद्धा हलत नव्हता.

मागे वळून बघते, तर...

बाबा उभे होते.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझं ब्लड प्रेशर तपासलं आणि मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

आज बाबा भाजी आणायलासुद्धा एकटे जातात. त्या विषयावर एक अक्षर बोलत नाहीत. मी विचारलं की चिडतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांचीही बाजू गेली. काकू माझा हात धरून म्हणाल्या, "तुझे बाबा बघ कसे खडखडीत झाले. कुठे नेलं होतंस गं? पत्ता दे ना."

दिला तर त्यांच्याही घरात ते जास्तीचं पाऊल वाजेल. नाही दिला तर तो माणूस अंथरुणाला खिळून राहील.

काल त्या पुन्हा येऊन गेल्या. मी घरात असूनही दार उघडलं नाही.