पाठीला पाठ

वजनाच्या बाबतीत माझी सहसा चूक होत नाही. फुशारकी मारत नाहीये, कामच ते आहे. दुकानं, गोदामं, कारखाने यांतले काटे मी तपासते. पितळी वजनांची पेटी घेऊन जायचं, एकेक वजन पारड्यात ठेवायचं आणि काटा खरं बोलतोय की नाही ते बघायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे आता भाजीची पिशवी नुसती हातात धरली तरी वजन सांगते. माझी वहिनी मुद्दाम ती पुन्हा तोलून बघते. अजून तरी तिला हसायची संधी मिळालेली नाही.

बाबांनी मला फार आधीच ‘इन्स्पेक्टर’ नाव ठेवलं होतं, कारण ते घरी आले की मी उलटतपासणी सुरू करायचे. कुठे गेला होतात, कोणत्या रस्त्याने गेलात, आमच्यासाठी काय आणलं. बाबा मालट्रक चालवायचे. घरी असले की झोपलेले असायचे आणि आई आम्हा दोघा भावंडांना कुजबुजत बोलायला लावायची. माझ्या लहानपणातले बाबा म्हणजे बंद दारामागचं घोरणं आणि खुंटीवरचा डिझेलच्या वासाचा शर्ट. तक्रार नाही करत. पोट भरायचं तर कोणीतरी गाडी चालवायला हवीच होती.

पण एक अख्खा दिवस त्यांनी मला दिला होता. मी तेव्हा चौथीत होते. दादाला ताप होता म्हणून आई त्याच्याजवळ थांबली आणि बाबा मला एकटीलाच तलावावर मासे धरायला घेऊन गेले. जगातली कुठलीही वस्तू देतो म्हणालात तरी तो दिवस मी बदलून देणार नाही.

बाबांनी फळ्या जोडून स्वतः एक नाव केली होती. इतकी अरुंद की शेजारी शेजारी बसताच येत नसे. म्हणून दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. पुढच्याने तोंड खुल्या पाण्याकडे करायचं, मागच्याने काठाकडे. त्याने तोल राहतो आणि गळाच्या दोऱ्या एकमेकींत अडकत नाहीत. नावेच्या मागच्या टोकाला लांब दोर बांधलेला असे आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या खुंट्याला. काठावरून सतत वारा यायचा, तो नावेला हळूहळू आत नेई. परतताना मागच्याने दोर ओढायचा. वल्ह्याचं कामच नाही, कारण वल्ह्याच्या आवाजाने मासे पळतात असं बाबांचं म्हणणं.

नियम दोनच. बोलायचं नाही आणि मागे वळायचं नाही, वळलं की नाव कलंडते. काही सांगायचं असेल तर कोपराने. एकदा ढोसलं तर थांब, दोनदा म्हणजे मासा लागला, तीनदा म्हणजे घरी चला. ही भाषा बाबांनी मला आदल्या दिवशी स्वयंपाकघरात पाटावर बसवून शिकवली होती. आम्ही पाठीला पाठ लावून ढोसाढोशी करत होतो आणि आई हसत होती.

त्या दिवसाचं सगळं मला आठवतं. पाण्यावरचं ऊन, डोळे बारीक करून बघितलेला, गळाच्या दोरीवर तरंगणारा बुचाचा लाल तुकडा, डब्यातल्या गांडुळांना येणारा ओल्या मातीचा वास. मी पुढच्या फळीवर बसले होते. बाबा अजून काठावर काहीतरी करत होते. मग मागची बाजू खाली दबली, नाव डुलली आणि माझ्या पाठीला त्यांची पाठ टेकली. मोठी, रुंद, गार पाठ. डोकं मागे टेकलं की ते बरोबर त्यांच्या खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे बसायचं. त्या दिवशी त्यांना डिझेलचा वास येत नव्हता, पाण्याचा येत होता. मला वाटलं, माझ्यासाठी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आलेत. दिवसभर अधूनमधून मागून दोन ढुशा यायच्या आणि मी तोंड दाबून हसायचे. मी ढोसलं की लगेच उत्तर यायचं. बाबांनी माझं इतकं ऐकलेलं मला दुसरं काही आठवत नाही.

ऊन कलल्यावर मला भूक लागली, मी तीन ढुशा दिल्या आणि नाव परत निघाली. काठाला लागलो तेव्हा बाबा कमरेपर्यंत भिजलेले पाण्यात उभे होते. नाव ओढायला आधीच उतरले असतील. चेहरा पांढराफटक, हाताचे तळवे सोलवटलेले. मागच्या टोपलीतले मासे त्यांनी न बघताच पाण्यात ओतून दिले. बारीक आहेत म्हणाले. मग टोपलीही फेकली. काही दिवसांनी नाव विकली आणि आम्ही पुन्हा कधी मासे धरायला गेलो नाही.

ही गोष्ट मी दरवर्षी कोणा ना कोणाला सांगते. घरात सगळ्यांना पाठ आहे. दादाची मुलं तर माझ्याआधीच कोपरं चालवायला लागतात. बाबा मात्र गोष्ट निघाली की उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, लाजतात.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. डोकं अगदी शाबूत आहे. कोणत्या घाटात कितवं वळण वाईट आहे ते अजून सांगतात आणि शब्दकोडं माझ्याआधी सोडवतात. एका रविवारी दादाचं कुटुंब जेवायला आलं होतं, गोष्ट निघाली आणि बाबा उठले नाहीत. ताटातला हात थांबवून म्हणाले, “मी नव्हतो त्या दिवशी नावेत.”

मुलं हसली. दादाने विषय बदलला. जाताना दारात मला हळूच म्हणाला की वय झालंय त्यांचं, वाद घालू नकोस. मी आणि वाद घालणार नाही! भांडी आवरता आवरता मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि काटा तपासावा तसं ते बोलणं तपासायला घेतलं.

म्हटलं, बाबा, साधा हिशेब आहे. एका टोकाला मी आणि दुसरं टोक रिकामं, तर नावेचं पुढचं टोक पाण्यात खुपसलं असतं. मला दिवसभर पाण्यात पाय बुडवायचे होते आणि पाय पोचत नव्हते, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे मागे मोठ्या माणसाएवढं वजन होतं. तुम्ही होतात.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मागे कोणी नव्हतं असं मी कुठे म्हटलं?”

नळ चालू होता. तो मी बंद केला.

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने, रस्ता सांगावा तसं सरळ सांगितलं. गांडुळांचा दुसरा डबा गाडीत राहिला होता, तो आणायला ते वर गेले. परत आले तेव्हा नाव आत गेली होती आणि माझ्या मागे कोणीतरी बसलं होतं. त्यांची गळाची काठी हातात धरून. ते पाण्यात उतरले, दोर ओढला. दोर हलला नाही. दिवसभर ते तिथेच उभे राहून ओढत होते. त्यांना पोहता येत नव्हतं. तलावावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. ऊन कलल्यावर दोर आपसूक सैल पडला आणि नाव सरळ त्यांच्याकडे आली. ती हाताशी येईपर्यंत मागची फळी रिकामी झाली होती. कधी झाली ते त्यांना कळलं नाही.

“हाक का नाही मारली मला?” मी विचारलं.

“हाक मारली असती तर तू वळून बघितलं असतंस.”

“कसा होता दिसायला?”

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्याचं तोंड काठाकडे होतं, इन्स्पेक्टर. दिवसभर माझ्याकडेच बघत होता. एवढं पुरे.”

मी त्यांच्यावर चिडले. एरवी मी त्यांच्यावर चिडत नाही. पण बाबांचा एकच दिवस माझ्या वाट्याला आला होता आणि तो ते दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकत होते. मी म्हटलं, हे तुम्हाला कधीतरी पडलेलं स्वप्न आहे आणि ते मी खोटं पाडून दाखवते. आपण पुन्हा तलावावर जाऊ. तसेच बसू. पाठीला पाठ लागली की तुम्हाला सगळं आठवेल. बाबा नको म्हणाले. मी म्हटलं, मग मी एकटी जाते.

“एकटी जाऊ नकोस,” म्हणाले. “मी काठावर थांबतो.”

काठावर थांबतो म्हणे. त्यांना नावेत कसं बसवायचं ते मी बघणार होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच निघालो. तलावावर आता नावा भाड्याने मिळतात. नाववाल्याकडे जुनी अरुंद नाव निघाली. दोर लावून द्या म्हटल्यावर त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं, पण लावून दिला. दोघंजण ना, त्याने विचारलं, एकाने मागे बसा, नाहीतर पुढून पाणी आत येईल. मी बाबांकडे बघून भुवया उडवल्या. नाववाला पलीकडच्या धक्क्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

मी पुढच्या फळीवर जाऊन बसले, तोंड खुल्या पाण्याकडे. पुढचं टोक लगेच खाली गेलं आणि पाण्याच्या लाटा माझ्या बुटांवर आल्या. हिशेब बरोबर होता. लख्ख ऊन होतं, वारा तोच, काठावरून आत जाणारा. मी काठी सरसावली, गळाला आमिष लावलं आणि न वळता म्हटलं, “बाबा, बसा ना. माझ्यासाठी.”

बूट भिजत राहिले.

मग मागची बाजू दबली. नाव डुलली. बूट पाण्यातून वर आले आणि माझ्या पाठीला पाठ टेकली.

काय वाटलं ते सांगता येणार नाही. एवढ्या वर्षांनी, या वयात, माझ्या हट्टापायी ते चढून बसले. मी म्हटलं, “बघितलंत? होतात की नाही तुम्हीच?” आणि लगेच ओठ मिटले, कारण नियम म्हणजे नियम. नाव आत सरकत गेली. बुचाचा लाल तुकडा पाण्यावर नाचत होता.

पुढचं टोक फार वर उचललं गेलं होतं. ते मला खटकलं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी बाबांचं वजन दर महिन्याला घरी बघते. आजारपणानंतर ते निम्मे राहिलेत. तेवढ्या वजनाने टोक इतकं उचललं जाणार नाही. मग म्हटलं, मागची फळी टोकाच्या अगदी जवळ असेल. हिशेबात तेही धरायला हवं.

मागून दोन ढुशा आल्या. मी हसले.

काठ बराच मागे पडला होता. वारा मागून येत होता आणि वाऱ्याबरोबर खोकल्याचा आवाज आला. सिगारेट सोडून कित्येक वर्षं झाली तरी न गेलेला खोकला. आधी एक कोरडी ढास, मग दोन लहान. रोज सकाळी न्हाणीघरातून मला ऐकू येतो तोच.

तो काठावरून आला.

पाठोपाठ कोणीतरी पाण्यात पाय टाकत पुढे आल्याचा आवाज. छप, छप. मग थांबला. नावेच्या मागचा दोर ताणला गेला आणि करकरला. नाव हलली नाही.

बाबांनी हाक मारली नाही. मी वाट बघत होते, पण त्यांनी मारली नाही.

म्हणजे तो दिवस त्यांनीच मला दिला होता. पाण्यात उभं राहून, तोंडातून शब्द न काढता, तळवे सोलवटून. मला हे आता कळत होतं आणि सांगायला मागे वळायची सोय नव्हती.

मी घाबरून हातपाय गाळणारी नाही. मागच्या वेळी तीन ढुशा दिल्या आणि नाव परत फिरली होती. मी कोपर मागे नेलं आणि नीट, स्पष्ट, तीनदा ढोसलं.

पाणी फळीला चाटत राहिलं.

मग उत्तर आलं. एकच ढुशी.

थांब.

मी थांबले. काठी घट्ट धरली, नजर बुचावर ठेवली. वळले नाही. मागून दोराची करकर येत राहिली. पाठ अवघडली तेव्हा डोकं थोडं मागे टेकलं. मी आता बाबांपेक्षा उंच आहे, चौथीतल्या त्या मुलीपेक्षा तर हातभर उंच.

डोकं बरोबर दोन पात्यांच्या मधे बसलं.