निबंध क्रमांक सतरा

महेश्वरीने त्याला कूलरवाला समजून आत घेतलं. दोष तिचा नव्हता. एप्रिलची सोलापुरी दुपार, सकाळपासून कूलरवाल्याला चार फोन झालेले – आणि दारात घामाने निथळणारा एक उंच माणूस. तिने खिडकीकडे बोट केलं. तो मुकाट्याने गेला, मागची जाळी काढली, अडकलेला पंप मोकळा केला... गार तुषार थेट तिच्या गालावर आले.

"किती झाले?" तिने विचारलं.

"ते परिषद ठरवेल की," तो हात पुसत म्हणाला. "मी श्रीशैल. नवा संपादक."

'कोरडवाहू संशोधन' हे परिषदेचं त्रैमासिक बावीस वर्षं गुरुबसप्पा सरांनी नेटाने ओढलं होतं. आता डोळे साथ देईनात, म्हणून अक्कलकोटकडचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ जुलैपासून त्यांच्या खुर्चीत बसणार होता. तोवर काम शिकायला यायचा. महेश्वरी तिथली सचिव. सकाळी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, दुपारी इथं, आणि सगळा वेळ चार वर्षांच्या गिरिजाचा घोर. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती माणसं फार बारकाईने न्याहाळायची – कोण दार आपटतं, कोण चहाचा कप स्वतः विसळतं.

श्रीशैल विसळायचा. तिचाही.

जूनमध्ये गिरिजाला ताप आला. महेश्वरी अंकाची मुद्रितं तशीच टाकून चार दिवस घरी बसली. त्याने रजेचं काही काढलं नाही, मुद्रितं आपणच तपासली. फोनवर मात्र दर दोन तासांनी एकच निरोप – ताप किती? ती आकडा पाठवायची. चौथ्या दिवशी तिने नुसतं 'उतरला' लिहिलं, तर उत्तर आलं, 'आता तुम्ही झोपा.' तिला उगीचच रडू आलं. असं तिला कोणी म्हणून किती वर्षं झाली होती.

त्यानंतर ती डब्यात एक भाकरी जास्त आणू लागली. तो विचारायचा, चुकून जास्त झाली का? ती म्हणायची, पीठ उरलं होतं. दोघांनाही ठाऊक होतं, पीठ कधीच उरत नव्हतं.

पण तिचा जीव टांगला होता तो निबंध क्रमांक सतराला. हुलग्याच्या मुळांवरच्या गाठींवर तिने पाच वर्षं घासली होती. तज्ज्ञांनी बरं म्हटलं होतं. उरली होती संपादकाची सही. निबंध छापून आला तर सप्टेंबरच्या मुलाखतीत कायम नोकरीची आशा. नाहीतर पुन्हा तासिका.

आणि गुरुबसप्पा सरांचा एक दंडक होता. संपादक मंडळावर नवं माणूस आलं की त्याने पत्रक भरायचं – कोण आपल्या नात्यातलं, कोण आपला विद्यार्थी, कोणाचा निबंध आपण हाताळणार नाही. ते सचिवाने मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचायचं.

जुलैच्या बैठकीआधी तासभर श्रीशैलने पाकीट तिच्या टेबलावर ठेवलं. आधी तुम्ही वाचा म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

'निबंध क्रमांक सतरा मी हाताळू शकत नाही. कारण – लेखिकेवर माझं प्रेम आहे. लेखिकेला याची कल्पना नाही.'

तिने तीनदा वाचलं. कानशिलं तापली.

"हे... सगळ्यांसमोर वाचायचं?"

"तुम्ही म्हणाल तर फाडतो. कारण न सांगता संपादकपदच सोडतो. पण खोटं लिहून त्या खुर्चीत मला बसवणार नाही."

"म्हणजे सतरा नंबर वच्छला मॅडमकडे."

"व्हय," त्याच्या तोंडून गावाकडचा शब्द निसटला.

वच्छला मॅडम सहसंपादक. त्यांच्या हातून पहिल्या फेरीत सुटलेला निबंध आजवर कोणी पाहिला नव्हता.

"सही करून मोकळे झाला असता," ती म्हणाली. "माझी नोकरी झाली असती."

"झाली असती. मग जन्मभर तुम्हाला वाटलं असतं – सही निबंधाला मिळाली, की तुम्हाला?"

तिला राग आला. रागाखाली काहीतरी विरघळत होतं, त्याचाही राग आला.

"आणि गिरिजा?"

"तिच्यासाठी पत्रकात रकानाच नव्हता," तो हळूच म्हणाला. "नाहीतर पहिलं तिचंच नाव लिहिलं असतं."

तिने पेनाचं टोपण काढलं.

बैठकीत तिने पत्रक नेहमीच्याच सुरात वाचलं, कागदाच्या खर्चाचा ठराव वाचावा तसं. "'लेखिकेवर माझं प्रेम आहे.' यापुढचं वाक्य सचिवाने खोडलं आहे. त्या जागी दुरुस्ती – 'लेखिकेचंही आहे.'"

गुरुबसप्पा सरांनी चष्मा काढून पुसला. "लई पत्रकं ऐकली मी," ते म्हणाले. "नोंद घ्या."

वच्छला मॅडमनी हात पुढे केला. "सतरा नंबर द्या इकडं. लग्नाला येईन मी. पण गाठींचे आकडे पटले तरच सही. आणि हितसंबंधवाले चर्चेला बसत नाहीत. चला, दोघंही बाहेर व्हा."

व्हरांड्यात दोघं कठड्याशी उभी राहिली, मध्ये हातभर अंतर ठेवून. आतून मॅडमचा करडा आवाज येत होता.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"तासभर तरी."

"भीती वाटते?"

"निबंधाची... हो," महेश्वरी म्हणाली, आणि मधलं हातभर अंतर तिनेच संपवलं.