रथसप्तमीचं नाणं

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी शुभा, बत्तीस वर्षं भूल देणारी डॉक्टर होते. भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी बाई! पण हे माझ्याच घरात घडलं. इथे परदेशात, नेपरव्हिलला, गेल्या वर्षीच्या रथसप्तमीला.

बाहेर गुडघाभर बर्फ. सूर्याचा पत्ता नाही. पूजेला सूर्याची प्रतिमा हवी, आणि किचन काउंटरवर माझ्या मुलानं, नकुलनं, हौसेनं आणलेलं एक जुनं नाणं पडलेलं. त्यावर दाढीवाला चेहरा, डोक्यावर किरणं.

म्हटलं, अगं बाई, सूर्यनारायणच की हा!

चिंचेनं लख्ख घासलं, देव्हाऱ्यात ठेवलं, कुंकू वाहिलं. मी उदबत्ती लावली. ह्यांनी लावली. ऑफिसच्या घाईत नकुलही न बघताच लावून गेला.

सून रूथ नेहमीसारखी लांबूनच हसली. ती चर्चला जाणारी, आम्ही कधी आग्रह केला नाही. सहावा महिना होता तिला.

दिवेलागणीला पाहिलं, तर उदबत्तीच्या राखेत बोटानं ओढलेल्या रेघा...

तीन.

मी पुसून टाकल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर पावलं वाजली. खिळे ठोकलेल्या बुटांची... आणि वर तर सगळीकडे कार्पेट!

ती रूथच्या दाराशी थांबली.

मी धावत वर गेले. रूथ एकटीच, घामाघूम.

"आई, समबडी कीप्स आस्किंग माय नेम." मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "बेबी हॅजन्ट मूव्ह्ड सिन्स मॉर्निंग."

मी तिला धरून खाली आणलं. तेवढ्यात नकुल आला आणि देव्हाऱ्याकडे बघून ओरडलाच.

"आई, रोमन नाणं कोणी चिंचेनं घासतं का, यार! आणि हा सूर्य नाही. डेशियस आहे, रोमचा सम्राट. प्रत्येकानं देवांपुढे धूप जाळायचा आणि तसा दाखला घ्यायचा, असा हुकूम काढला होता यानं. ज्या ख्रिश्चनांनी जाळला नाही..."

त्यानं रूथकडे पाहिलं.

मी उदबत्ती तिच्यापुढे धरली. "एकच लाव गं. बाळासाठी."

"आय कान्ट, आई." ती रडत होती, पण हात पुढे आला नाही.

नकुल आणि हे तिला हॉस्पिटलला घेऊन गेले. घरात मी एकटी. वर पावलं सुरूच... आता जिन्यावर.

मी काडी ओढली, उदबत्ती पेटवली. "ही रूथची," म्हणाले. खोटं बोलले. देवाशपथ, दुसरं काही सुचलंच नाही.

पावलं थांबली.

राखेत एकच नवी रेघ होती... ओली.

फोन वाजला. गाडीतूनच नकुल हसत रडत सांगत होता, बाळानं लाथ मारली.

नाणं त्यानं त्याच आठवड्यात विकून टाकलं. मी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

परवा रविवारी नातीचा, आन्याचा, बाप्तिस्मा झाला. घरी येताना रूथनं माझा हात घट्ट धरला. "आई, यू डिड इट फॉर मी. प्लीज, आन्यासाठी नको."

तिला कुणी सांगितलं?

आज सकाळी देव्हारा पुसायला घेतला. महिनाभर उदबत्ती लावली नव्हती, तरी ताटलीत राख होती. राखेत चार रेघा...

घरात आम्ही पाच.

हे लिहितेय तेव्हा आन्या वर झोपलीय. पाळण्याजवळ पावलं वाजतायत. काडेपेटी माझ्या हातात आहे, आणि रूथ जिन्यात उभी राहून माझ्याकडे बघतेय.