उपासाच्या डब्यातली माळ

या, जरा पुढे सरका. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे, आणि ती प्रेमाची आहे. आमच्या मखमलाबादच्या कारभारी महाराजांच्या लेकीची. कीर्तनात टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभी राहते ना, तीच हर्षाली. पण सुरुवात काही देवळात झाली नाही. ती झाली गंगापूर रोडवरच्या एका बिअर शॉपीत… हरी हरी! कान झाकू नका, ऐका तर खरं.

वैशाखातली एकादशी. दुपार अशी तापलेली, की स्कूटीच्या सीटवर हात ठेववत नव्हता. हर्षाली धरणाकडच्या एका होमस्टेची व्यवस्था बघते. खोल्या, नाश्ता, पाहुण्यांचं हवं-नको. मालकीण पूजाताईंचा फोन आला, "अगं, संध्याकाळी बंगलोरचे पाहुणे येतायत. क्राफ्ट आणि इम्पोर्टेड बिअर हवीय त्यांना. राजू आज गाडी घेऊन शिर्डीला गेलाय. येता येता तू आणशील ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "हो" बाहेर पडलं.

नोकरीला लागताना वडील एकच वाक्य बोलले होते, "गळ्यात माळ आहे ना तुझ्या? मग मला घोर नाही." तेच वाक्य आता तिच्या डोक्यात टाळासारखं वाजत होतं. दुकानासमोर गाडी लावली. ओळखीचं कुणी नाही ना, ते पाहिलं. आणि घाबरलेल्या जिवाला सुचलं ते केलं — गळ्यातली तुळशीची माळ काढली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. त्या बाटल्यांचा वारा माळेला नको, म्हणून.

तिच्या घरचा नेम मात्र कडक. माळ गळ्यात नसेल, तर ती परत चढेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. थोड्या वेळाचा तर प्रश्न, असं तिला वाटलं होतं.

आत एसीचा गारवा. काचेच्या कपाटांत बाटल्या ओळीने उभ्या — कुणावर वाघ, कुणावर चंद्र, कुणावर दाढीवाला म्हातारा. काउंटरमागे एक तरुण स्टीलच्या डब्यातून साबुदाण्याची खिचडी खात होता. कपाळावर गंधाचा पुसट ठिपका. तिला पाहून त्याने घाईने डब्याला झाकण लावलं.

"बोला, मॅडम."

"हे… आहे का हे?" तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "लवकर द्या."

"देतो की. तुमच्यासाठी का—"

"माझ्यासाठी नाही!"

"बरं बरं! मी काय पोलीस नाय," तो हसला. "पाहुण्यांना कडू चालेल की हलकी?"

"मला काय माहीत? मी घेत नाही."

"मीपण नाही घेत."

"मग विकता कसे?"

"गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येऊन काय मागतं, ते ध्यानात ठेवायचं." त्याने फ्रीजमधून एक बाटली काढली. "ही बेल्जियमची, गव्हाची. हिच्यात संत्र्याची साल असते. आणि धने."

"धने? बिअरमध्ये?"

"फोडणी तेवढी नसते."

हसू आलंच तिला. खळकन. आणि लगेच मनात धस्स झालं — एकादशीला, माळेवाचून, बिअरच्या दुकानात उभी राहून मी हसतेय?

त्याने बाटल्या कागदात गुंडाळता गुंडाळता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ग्लासावरून थेंब ओघळत होते. "उन्हातून आलात. घ्या."

घसा कोरडा पडला होता. ती त्या थेंबांकडे बघत राहिली.

"नको."

"माठातलं आहे. घरनं आणलेलं."

"नको म्हटलं ना!"

त्याने ग्लास हळूच मागे घेतला. "बरोबर आहे," तो म्हणाला, "इथलं पाणी कुणाकुणाला चालत नाय."

तसं नव्हतं हो… पण सांगणार कसं? तिने पर्समधून कसाबसा फोन ओढून काढला, पैसे भरले.

"बिल होमस्टेच्या नावानं करतो. आणि तुमचं नाव?"

"बिलावर लागतं का?"

"नाही," तो खाली बघत म्हणाला. "बिलावर नाय लागत."

ती नाव न सांगताच निघाली. पण गाडी चालवताना त्याचा उतरलेला चेहरा तिच्यासोबत धरणापर्यंत आला.

होमस्टेवर पोचून बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि पहिला हात पर्समध्ये घातला. माळ चढवायची, मग घटाघटा पाणी… रुमाल नव्हता. पर्स पलंगावर उपडी केली. किल्ल्या, कंगवा, शेंगदाण्याच्या लाडवाची पुडी… माळ नाही!

पिशवीवर दुकानाचा नंबर होता. नुसता वाजत राहिला. मग तशीच उन्हात परत. आता काउंटरवर दुसरंच माणूस — जाडसर, घामेजलेलं, दुकानाचे मालक भारतमामा.

"सोमनाथ? माझा भाचा तो. गेला की बाहेर. काय बोलून नाय गेला. माळ? पोरी, इथं कुठली माळ!"

"काउंटरखाली बघा ना, मामा… रुमालात होती."

त्यांनी बिचाऱ्यांनी मोबाइलचा उजेड पाडून खोक्यांमागे पाहिलं. काही नाही. आणि संध्याकाळ तर दारात येऊन ठेपलेली. सातला देवळात कीर्तन, कीर्तनाला वडील, आणि पहिल्या रांगेत ती. मोकळ्या गळ्याने.

ओढणी गळ्याभोवती घट्ट आवळून ती देवळात शिरली.

"काय गं, एवढ्या उकाड्यात कशाला गुंडाळलंस?" कीर्तनाला आलेल्या मंगलाबाईंनी हटकलंच. "घसा धरलाय का?"

"हो, मावशी."

देवाच्या पुढ्यात, एकादशीला, खोटं! तिचे डोळे भरून आले.

आमच्या देवळात कीर्तनाला उभं राहण्याआधी महाराज स्वतः तांब्या घेऊन सगळ्या टाळकऱ्यांच्या ओंजळीत पाणी घालतात. रांग पुढे सरकत होती. तिची पाळी आली आणि ती बाजूला झाली.

"पाणी नाही घेतलंस?"

"नंतर घेते, अण्णा."

महाराजांनी तिच्या ओढणीकडे पाहिलं. मग तिच्या सुकलेल्या ओठांकडे. आणि तांब्या घेऊन पुढे गेले. रागावले असते तर बरं, असं झालं तिला.

मृदुंगावर थाप पडली. कीर्तन रंगू लागलं, आणि हिच्या मनात एकच — आता वळतील, आता विचारतील… तेवढ्यात तिची नजर दाराबाहेर गेली. पायऱ्यांखाली, चपलांच्या ढिगापाशी, दोन्ही हातांत स्टीलचा डबा धरून तो उभा होता. तिच्याकडे बघून त्याने डबा जरासा वर उचलला. बस्स, एवढंच.

तिचा टाळ चुकला. महाराजांनी मान वळवून पाहिलं — आधी लेकीकडे, मग तिच्या नजरेमागोमाग बाहेर.

शेवटचा गजर संपला तशी ती धावतच पायऱ्या उतरली.

"तुम्ही… इथे कसे?"

"रुमाल काउंटरवर राहिला होता. होमस्टेवर गेलो, तर तुम्ही दुकानाकडे निघालेल्या. ताईंनी तुमचा नंबर दिला, पण फोन बंद. मग हे देऊळही त्यांनीच सांगितलं."

"बॅटरी संपली. पण मग आत का नाही आलात?"

"बिअर विकणारा माणूस मी. आत कुठं येऊ?" त्याने डबा उघडला. रुमालाची घडी, आणि वर तुळशीची ताजी पानं. "डबा उपासाचाच आहे. नीट घासलाय."

"आणि खिचडी?"

"मामाला दिली." तो चाचरला. "माळ बघितली न् कळलं, तुम्ही पाणी का नाय घेतलं. घोटीला आमची आईपण माळकरी. मला उगाच वाटलं, दुकानाचं पाणी म्हणून…"

"तसं नव्हतं. खरंच नव्हतं."

"आता माहितीये."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचेही ओठ पांढरे पडलेले. "तुम्ही… पाणी प्यायलात?"

तो चपलांकडे बघायला लागला. "ग्लास उचलला होता मघाशी. पण मनात आलं, त्या तशाच फिरत असतील उन्हात… मग घोट उतरेना. म्हटलं, माळ पोचू दे आधी."

हर्षालीच्या छातीत नुसता मृदुंग… आणि मागे पावलं वाजली. महाराज. हातात तांब्या.

"अण्णा," ती एका दमात म्हणाली, "मी बिअर शॉपीत गेले होते. पाहुण्यांसाठी. माळ काढून ठेवली, आणि हरवली. यांनी आणून दिली."

महाराजांनी डब्यातल्या माळेकडे पाहिलं.

"का काढलीस?"

"तिला तिथला वारा लागू नये म्हणून."

"वेडे! अशा जागी तर ती गळ्यात हवी. घरात बसून राहायला माळ कशाला लागते?" त्यांनी डब्यातली माळ उचलली, डोळ्यांना लावली आणि लेकीच्या गळ्यात घातली. मग सोमनाथकडे वळले. "आणि तुम्ही? चपला राखायला उभे होतात का?"

"महाराज, मी दुकानात—"

"ऐकलं मी. वर या. उन्हातान्हातून देवाची वस्तू आणणाऱ्याला पायरीखाली पाणी नाही देत आम्ही." दोघं वर आली, तसा त्यांनी तांब्या कलता केला.

"आधी त्यांना, अण्णा."

"नाय नाय, आधी तुम्ही."

"अरे, सांडतंय ते!" महाराज म्हणाले, आणि कडेला बसलेल्या मंगलाबाई फिसकन हसल्या.

दोघांनी ओंजळी जोडून पुढे केल्या. प्यायले. कोपरांवरून पाणी ओघळलं, पुसायचं भान दोघांनाही नाही.

"हर्षाली," ती हळूच म्हणाली. "बिलावर लागत नाही, पण सांगते."

"ठाऊक आहे. पूजाताईंनी सांगितलं होतं."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

ती लाजली, पण नजर नाही वळवली. "पुढच्या एकादशीला या. आणि आत या. पुन्हा चपलांपाशी थांबलात ना… तर मी पाणी घेणार नाही. सांगून ठेवते."

तो आला. तेव्हापासून प्रत्येक एकादशीला येतो, आणि तांब्या फिरवण्याचं काम आता महाराजांनी त्यालाच दिलंय.

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच. कीर्तनाला बसाल तेव्हा एकदा मागे वळून दाराबाहेर बघा. चपलांपाशी कुणी संकोचून उभं दिसलं, तर घोटीच्या त्या सोमनाथची आठवण ठेवा — आणि हाक मारा त्याला. तहानलेला असेल हो.